साधनाबाईंचा पहिला दिवस

दोन हजार तेवीस सालची ही गोष्ट. माघ सरत आला होता, आखाडा बाळापूरच्या शिवारात हळद शिजवायच्या कढया चढल्या होत्या आणि त्या उग्र, ओल्या वासाची सगळ्या गावाला सवय होऊन गेली होती. साल आणि महिना नेमका सांगायचं कारण असं, की पुढे या प्रकरणाच्या बऱ्याच तारखा कागदावर लागल्या. त्यातली एकही तारीख साधनाबाई कऱ्हाळे आजतागायत विसरलेल्या नाहीत.

साधनाबाई तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. आवक-जावक म्हणजे आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, नोंदवहीत लिहायचा, साहेबांपुढे ठेवायचा आणि सही होऊन आला की दुसरा नंबर टाकून पुढे धाडायचा. ऐकायला दहा मिनिटांचं काम. साधनाबाईंच्या टेबलावर त्याला सरासरी अडीच महिने लागत. यात आळस नव्हता. कागद आल्या आल्या पुढे ढकलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे, दारात आलेल्या पाहुण्याला चहाही न विचारता वाटेला लावल्यासारखं. कागद जरा बसावा, मुरावा, त्याची निकड खरी की खोटी ते कळावं. निम्म्या कागदांची निकड पडून पडून आपोआप संपते, हा त्यांचा एकोणतीस वर्षांचा अनुभव होता. त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती, खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं, आणि सोमवारी सकाळी कार्यालयात जायला त्यांना मनापासून आवडे. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती. नोकरदार माणसाने असलं बोलायची पद्धत नाही.

घरी यजमान रामकिशनराव. त्यांचं फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. कपाशीवर आणि हरभऱ्यावर कीड पडली की दुकान चाले. पीक निरोगी असलं की रामकिशनराव दुकानात बसून पेपर दोनदा वाचत. मुलगी कोमल नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे घर चालत होतं ते खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कोणी बोलत नव्हतं.

अशा बाईने एका रविवारी वारंगा फाट्याला मंगल कार्यालयात ‘यशस्वी सवयींचं शिबिर’ ऐकायला जायचं काही कारण नव्हतं. पण शेजारच्या शहनाजभाबींना बचत गटाकडून दोन पास मिळाले होते, आणि पासावर ‘भोजनासह’ असं छापलेलं होतं.

व्याख्याते प्रेमदास सर लाल जाकिटात होते. फेब्रुवारीत जाकीट घालून जो घामेजत नाही तो माणूस साधा नसणार, असं साधनाबाईंना तिथेच वाटलं. सरांनी एकेकाला उठवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. साधनाबाईंना विचारलं, ताई, पाच वर्षांपूर्वी कुठे होता? त्या म्हणाल्या, आवक-जावकला. आज? आवक-जावकला. आणि पुढच्या वर्षी? साधनाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, तिथंच. सगळं मंगल कार्यालय हसलं. शहनाजभाबीही हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसण्याने जे झालं ते भाषणाने झालं नसतं. माणसाला आयुष्यभर जे सुख वाटत आलं, त्यावर तीनशे माणसं हसली की ते सुख घरी नेताना जड होतं.

सरांनी तीन सवयी दिल्या. पहाटे पाचला उठायचं. रोज कोणाला तरी काही द्यायचं, आणि दिलेल्याचं काही परत घ्यायचं नाही. आणि आजचं काम आजच करायचं. एकेचाळीस दिवस. त्यासाठी एकेचाळीस चौकोनांचा छापील तक्ता मिळाला. एखाद्या दिवशी दिलेल्याच्या बदल्यात काही घेतलं तर तो दिवस बाद, आणि मोजणी पुन्हा एकपासून. एकेचाळीस चौकोन भरले की पैशाच्या कटकटीतून माणूस सुटला. मग नोकरी त्याच्यामागे येते, तो नोकरीमागे जात नाही. पण त्यासाठी परतीचा दोर पहिल्याच दिवशी कापला पाहिजे, असं सर म्हणाले, आणि त्यांनी हवेत दोर कापून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, वीस फेब्रुवारी. साधनाबाई पाचला उठल्या. ओट्यावर येऊन बसल्या तर समोरच्या द्वारकाबाईंचं सडा-सारवण आटोपून दळणही झालं होतं. द्वारकाबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, आणि चारच्या पुढे झोपलेलं माणूस आजारी असतं अशी त्यांची समजूत. त्यांनी विचारलं, “काहून गं, बरं वाटून न्हाई राहिलं का?” यशस्वी माणसाचा पहिला तास असा गेला.

मग साधनाबाई कार्यालयात गेल्या आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला.

त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर बाई वेडी वाटेल. त्यांचा हिशेब असा होता: अर्ज करायचा, म्हणजे दोर कापला. पण अर्ज काही लगेच कुठे जात नाही. सरकारी कागद, अडीच महिने इथे, अडीच महिने हिंगोलीला. तोवर एकेचाळीस दिवस केव्हाच होतील. त्यातून बरकत आली तर ठीक, नाही आली तर अर्ज टेबलावरच आहे, उचलून फाडता येईल. एकोणतीस वर्षं त्यांनी सरकारचा वेग पाहिला होता. तो वेग म्हणजे त्या स्वतःच आहेत, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कारण तिसरी सवय. आजचं काम आजच. अर्ज लिहून झाला तसा तो आवकच्या टेबलावर आला, आणि टेबलावर त्याच बसल्या होत्या. त्यांनी नंबर दिला. जोडपत्रं लावली, प्रत्येकाला चिठ्ठी डकवली. साहेब लग्नाला निघाले होते, उभ्या उभ्या वीस कागदांवर सह्या करत होते, त्यात ही एक झाली. जावक नंबर पडला. शिपाई जळबा दुपारच्या गाडीने हिंगोलीला निघाला होता, त्याच्या पिशवीत पाकीट गेलं. साधनाबाई हात झटकून खुर्चीत टेकल्या. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. चार वाजता त्यांच्या लक्षात आलं, की त्या कार्यालयाच्या इतिहासात आलेला कागद त्याच दिवशी बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

रामकिशनरावांना त्यांनी सांगितलं नाही. एकेचाळीस दिवसांनी एकदमच सांगू, असं ठरवलं. आणि त्या दिवशी सोमवती अमावस्या होती, हे द्वारकाबाईंकडून कळलं ते संध्याकाळी.

आता दुसरी सवय. तिनेच सगळा घोटाळा केला.

पहिल्या दिवशी त्यांनी शहनाजभाबींना डबाभर शेंगदाण्याचे लाडू दिले. अंधार पडायच्या आत डबा परत आला, आणि झाकण उघडलं तर आत शेवयांची खीर. साधनाबाई म्हणाल्या, भाबी, हे परत न्या, माझा दिवस बाद होतो. शहनाजभाबींना ते पटेना. “खाली डब्बा कैसा देऊ भाबी? हमारी सास उप्पर से देखतेत ना.” खीर रामकिशनरावांनी खाल्ली. तक्ता कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुन्हा पहिल्या दिवशी, द्वारकाबाईंना वाटीभर गूळ दिला. वाटी तुरीच्या सोल्यांनी भरून आली. त्याच्या पुढच्या पहिल्या दिवशी ताक दिलं, तांब्यातून लिंबं आली. मग साधनाबाईंना युक्ती सुचली: भांडंच द्यायचं नाही. पत्रावळीवर धपाटे घालून दिले. पत्रावळ काय कोणी परत करतं? तासाभरात द्वारकाबाई स्वतःचं पातेलं घेऊन आल्या, आत उकडलेल्या घुगऱ्या.

“तू भांडं न्हाई दिलंस, म्हणून माझं आणलं,” त्या म्हणाल्या. “का मी इतकी गेलेली हाय, की तुझं खाऊन गप बसंन?”

आता द्वारकाबाईंचं पातेलं साधनाबाईंच्या घरी होतं, आणि ते तरी कोरडं कसं पाठवायचं? आपल्याकडे पूर्वी दर भांड्यावर नाव घालून घेत, कुणी दिलं, कधी दिलं, सगळं. आणि एका आळीतली भांडी बारा महिने अशी फिरत असत, की कुठल्या घरात कुणाची वाटी आहे त्यावरून कुणाचं कुणाशी पटतं ते कळावं. एकही भांडं कधी कोरडं फिरलं नाही. साधनाबाई स्वतः याच रीतीत वाढलेल्या. त्यांनी पातेल्यात साखर घातली. साखरेच्या बदल्यात भोपळा आला. भोपळ्याचे घारगे करून त्यांनी सहा घरी वाटले, आणि सहाही घरून काही ना काही आलं. होळीपर्यंत अशी स्थिती झाली की साधनाबाई जितकं देत त्याच्या सव्वापट घरात येई. फ्रिजचं दार दोरीने बांधावं लागे. त्या दारावर तक्ता, तक्त्यात एकेचाळीस चौकोन, एकेचाळीसही मोकळे. रामकिशनरावांनी शर्टाची दोन बटणं सैल करून सांगितलं, की असं शिबिर आपल्या लग्नानंतर लगेच भरायला पाहिजे होतं.

गल्लीत सोनाजी गुरुजी म्हणून निवृत्त मास्तर होते. सल्ला मागायला त्यांच्याकडे जावं लागत नसे. त्यांनी तक्ता डोळ्याजवळ नेऊन वाचला आणि निदान केलं, की साधनाबाई माणसांना देतात हीच चूक आहे. माणूस परत देतोच. देवाला द्या. साधनाबाईंनी देवळात एकशे एक रुपयांची पावती फाडली. पुजाऱ्याने प्रसादाचा नारळ आणि खण हातात ठेवला. नाही म्हणावं तर देवाचा अपमान. दिवस बाद. मग गुरुजी म्हणाले, रक्तदान करा, रक्त कोण परत देतो? साधनाबाईंनी शिबिरात जाऊन रक्त दिलं. पडून राहायला सांगितलं, बिस्किटं दिली, ती त्यांनी निग्रहाने खाल्ली नाहीत. उठून निघाल्या तर दारात आयोजकांनी टाळ्या वाजवून प्रत्येक रक्तदात्याला भेटवस्तू दिली. स्टीलचा डबा. झाकणाचा.

अनोळखी माणूस गाठावा म्हणून त्या वारंगा फाट्याला गेल्या. हॉटेलापुढे उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरला डझनभर केळी दिली आणि मागे न बघता चालू लागल्या. ड्रायव्हर हाका मारत मागून धावला. आमच्यात बहिणीकडून असं फुकट खात नाहीत, असं त्याचं म्हणणं. ट्रकमध्ये टरबुजं होती. त्याने दोन निवडून, वाजवून, साधनाबाईंच्या बरोबर एस.टी.त चढवून दिली, आणि कंडक्टरला त्यांच्या उतरण्याचं ठिकाणही सांगून ठेवलं.

एप्रिलमध्ये साधनाबाईंनी शेवटचा उपाय केला. देणारा कोण हेच कळू द्यायचं नाही. पहाटे पाचला त्या उठतच होत्या. पाच घरांच्या उंबऱ्यावर त्यांनी कागदात तीन-तीन लाडू ठेवले आणि पाय न वाजवता घरी आल्या. तक्त्यासमोर पेन घेऊन बसल्या. पहिला चौकोन भरणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला.

उंबऱ्यावर अवसे-पौर्णिमेला काहीबाही ठेवलेलं सापडलं की आमच्या भागात जुन्या माणसांच्या तोंडी एकच शब्द येतो, भानामती. त्या दिवशी अवस होती, लाडू विषम संख्येत होते, पाच घरं रांगेत नव्हती, एक सोडून एक होती, यावरून सोनाजी गुरुजींनी शास्त्र काढलं. गुरुजींनी तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन. मारुतीच्या पारावर माणसं जमली. लाडवांना हात न लावता ते कोळशाच्या चिमट्याने उचलून आणले गेले. गुरुजी म्हणाले, रीतसर नोंद व्हायला पाहिजे, आणि गल्लीत सरकारी लिखाणाचा हात एकच. साधनाबाईंना बोलावून आणलं, खाली सतरंजी घातली, हातात कागद दिला.

साधनाबाईंनी लिहिलं: संशयित लाडू, एकूण नग पंधरा, रंग तपकिरी, वास शेंगदाण्याचा. लाडवाच्या वळण्यावरून ठेवणारी व्यक्ती कमी अनुभवी असावी, असं गुरुजींनी सांगितलं. साधनाबाईंचा हात जरा थांबला, पण त्यांनी तेही लिहिलं. पंचांच्या सह्या झाल्या. लाडू ओढ्याकाठी पुरले. आणि पाचही घरांनी, अरिष्ट टळलं म्हणून, गल्लीभर शिरा वाटला. साधनाबाईंकडे पाच वाट्या आल्या.

त्या दिवशी त्यांनी तक्ता काढून कणकेच्या डब्याखाली ठेवला. बस झालं, म्हणाल्या. आणि नेमका त्याच आठवड्यात जळबा हिंगोलीहून निरोप घेऊन आला.

तो सरळ दुकानात रामकिशनरावांकडे गेला आणि म्हणाला, पेढे द्या. बाई वीस मेला मोकळ्या होऊन राहिल्या. अर्ज सगळ्या टेबलांवरून पार झाला. इतका परिपूर्ण अर्ज हिंगोलीत कोणी पाहिलेला नाही, अडवायला कोणाला जागाच सापडली नाही. नोटिशीचे तीन महिने वीस मेला संपतात, तोवर नामंजूर झाला नाही तर आपोआप मंजूर.

रामकिशनराव दुकान बंद करून घरी आले. साधनाबाई चुलीशी होत्या. रामकिशनराव ओट्यावर बसले, चप्पल काढली. मग म्हणाले, “मी न्हाई म्हणलो नसतो. पण इचारायचं होतं.” एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. कोमलचं एक वर्ष शिल्लक होतं, आणि त्या साली हरभऱ्यावर कीड म्हणून नव्हती.

साधनाबाई त्या संध्याकाळी मोजायला बसल्या. दोन महिन्यांत त्यांनी गूळ दिला, ताक दिलं, रक्त दिलं. सगळं परत आलं. एकच गोष्ट अशी दिली होती जी कोणी परत केली नाही, आणि ती होती नोकरी.

दुसऱ्याच दिवशी त्या हिंगोलीला गेल्या. आस्थापनेचं टेबल फारुकभाईंचं. फारुकभाई म्हणजे सरळ माणूस; इतका सरळ की अर्जदाराच्या चहाचा वास आला तरी तोंड फिरवायचे, पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणायचे. त्यांनी अदबीने उठून खुर्ची दिली आणि सांगितलं, बाई, मागे घेता येतो. पण मागे घेण्याचा अर्ज तुमच्या साहेबांच्या सहीने, आवक-जावक होऊन, रीतसर आला पाहिजे. साधनाबाईंनी तिथेच हात जोडून विचारलं, हा कागद इतका भराभर कसा काय पुढे गेला? फारुकभाई म्हणाले, “बाई, तुम्हीच तर चिठ्ठ्या लावून दिलात. मला तकलीफच न्हाई झाली.”

साहेब मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर होते. चार्ज दुसऱ्या तालुक्यातल्या साहेबांकडे, ते गुरुवारी येत. पहिला गुरुवार बैठकीत गेला. दुसऱ्या गुरुवारी ते आले, पण येताच त्यांना परत बोलावणं आलं. तिसऱ्या गुरुवारी गाडी वाटेत पंक्चर. मागे घेण्याचा अर्ज साधनाबाईंच्या टेबलावर, आवक नंबर पडून, सहीवाचून पडून राहिला. एकोणतीस वर्षं लोक त्या टेबलापुढे उभे राहून ‘बाई, माझा कागद’ म्हणत आले होते. आता त्या स्वतः त्याच टेबलामागे बसून स्वतःला तेच म्हणत होत्या.

पंधरा मेला त्या पुन्हा हिंगोलीला गेल्या. फारुकभाईंनी पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा तेच सांगितलं. यावेळी साधनाबाईंचे डोळे भरून आले. बाई माणूस कार्यालयात रडलं की सगळे आपापल्या टेबलावरचे कागद वाचायला लागतात. तसे तिथले सगळे वाचायला लागले. साधनाबाई उठल्या, पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या, मिळेल त्या गाडीत बसल्या. कळमनुरी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की दुपारच्या जेवणाचा डबा फारुकभाईंच्या टेबलावरच राहिला.

पुढचं जे झालं ते त्यांना नंतर कळलं. फारुकभाईंनी डबा पाहिला आणि त्यांना घाम फुटला. तीस वर्षांत टेबलावर अर्जदाराची वस्तू राहिली नव्हती. ठेवावा तर लोक बघतात, टाकावा तर अन्न. मे महिना, सकाळपर्यंत नासलं असतं. शेवटी ते डबा पिशवीत घालून घरी घेऊन गेले, की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बाळापूरच्या गाडीत ठेवून देऊ. घरी त्यांच्या अम्मी. त्यांनी पिशवी उघडली, धपाटे आणि ठेचा पाहिला, आणि लेक हातपाय धुऊन येईपर्यंत चारातले तीन धपाटे संपवले. चौथा लेकाला ठेवला.

फारुकभाईंनी कपाळाला हात लावला. अम्मी म्हणाल्या, त्यात काय, उद्या डबा भरून पाठव. फारुकभाई म्हणाले, अर्जदाराला काही देता येत नाही, नियमात बसत नाही. अम्मी म्हणाल्या, आणि खाऊन खाली डबा पाठवणं कोणत्या नियमात बसतं ते सांग. माय-लेकांत बराच वाद झाला. मग अम्मींनी विचारलं, त्या बाईला पाहिजे तरी काय?

“उसकू उसकाच कागज वापस होना.”

“तो वोच डाल दे डब्बे में,” अम्मी म्हणाल्या, आणि पान लावायला घेतलं.

फारुकभाई नियमाबाहेर जाणारे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी साधनाबाईंची फाईल काढली आणि ती पहिल्यांदाच चूक शोधायच्या नजरेने वाचली. परिपूर्ण कागदात चूक शोधणं कठीण. दुपारपर्यंत सापडेना. मग त्यांची नजर आवकच्या शिक्क्यावर गेली. अर्ज करणार: साधना रामकिशन कऱ्हाळे. अर्ज स्वीकारणार: तीच सही. अर्ज पुढे पाठवणार: तीच सही. फारुकभाईंनी चष्मा पुसला आणि आयुष्यातलं सगळ्यात सुंदर टिपण लिहिलं: सदर अर्ज अर्जदाराने स्वतःच स्वतःला दिला असून स्वतःच स्वतःकडून स्वीकारल्याचे दिसून येते. सबब अर्ज कार्यालयास प्राप्त झाला किंवा कसे, याबाबत साशंकता आहे. मूळ अर्ज त्रुटी पूर्ततेसाठी परत. पूर्तता होईपर्यंत अर्ज आलाच नाही असे समजण्यात यावे.

वरिष्ठांची सही झाली. आता हे पाकीट त्यांच्या जावकमधून निघायला जून उजाडला असता. जळबा हिंगोलीला आलाच होता. फारुकभाईंनी त्याच्या हाती डबा दिला.

अठरा मेला संध्याकाळी साधनाबाईंनी झाकण उघडलं. वरच्या कप्प्यात अम्मींनी ठेवलेले रमजानचे उरलेले खजूर. खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी करून, त्यांचा अर्ज आणि त्याला जोडलेलं टिपण. त्यांनी टिपण दोनदा वाचलं. एकदा लिपिक म्हणून, अक्षर चांगलं होतं म्हणून. आणि एकदा नीट.

रामकिशनरावांनी खजूर तोंडात टाकला आणि विचारलं, मंग आता त्रुटी कधी पूर्ण करून राहिलीस?

“बघू,” साधनाबाई म्हणाल्या. “आता घाई काय हाय.”

यानंतर कोणाचं काय झालं तेही सांगून टाकते. कोमल नर्स झाली. आता संभाजीनगरला असते आणि आईला रक्त द्यायला मनाई करते. सोनाजी गुरुजींनी भानामतीवर एक छोटं व्याख्यान तयार केलं, ते तीन गावांत झालं. पुरावा म्हणून ते साधनाबाईंनी लिहिलेला कागद दाखवतात. द्वारकाबाई मागच्या थंडीत गेल्या, झोपेत, पहाटे चारच्या आत. त्यांच्या सुना भांडी आवरायला बसल्या तेव्हा अर्ध्या भांड्यांवर दुसऱ्यांची नावं निघाली, आणि सुनांनी ती भरूनच परत केली. शहनाजभाबी आता शिवणाचं दुकान चालवतात. प्रेमदास सरांना एका पतसंस्थेत कायम नोकरी लागली. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ते येतात असं ऐकते. जाकीट नसतं. फारुकभाईंच्या अम्मी मजेत आहेत, आणि दर ईदला हिंगोलीहून एक डबा बाळापूरला येतो; फारुकभाई त्याबद्दल अजून कार्यालयात काही बोलत नाहीत.

साधनाबाई अठ्ठावन्न पुरी होऊन रीतसर निवृत्त झाल्या. पेन्शन येते, दोघांना पुरते. पहाटे पाचला त्यांना जाग येते, ती सवय गेली नाही. दहाला त्या तहसीलजवळच्या झाडाखाली जाऊन बसतात आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देतात. पैसे घेत नाहीत. किती दिवस झाले ते मोजत नाहीत. राशन कार्ड असो, विहीर असो, मोडलेल्या विजेच्या डांबाची तक्रार असो, अर्ज सुबक असतो, जोडपत्रांना चिठ्ठ्या असतात. फक्त प्रत्येक अर्जाच्या तळाला, माणसाने कितीही नको म्हटलं तरी, त्या एक ओळ घालतातच: हा अर्ज कधीही मागे घेण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.